अठ्ठावन्न, आणि जिना हवेत

जिना हवेत असताना मोबाइल वाजायला लागला. फोन आल्यावर वाजतो तसा नाही. दूध उतू चाललं की शेजारीण हाका मारते तसा, एकामागून एक, थांबायचं नाव नाही. मी डाव्या अंगाला झुकून खाली बघत होतो. माझ्या खाली चौसष्ट मीटर नुसती हवा, हवेत तारेच्या दोराला लटकलेला अकरा पायऱ्यांचा तयार सिमेंटचा जिना, आणि त्याच्याही खाली मुंग्यांएवढी माणसं. मान वळवून बघितलं तर समोरच्या काचेला अडकवलेल्या मोबाइलवर लाल पट्टी, पट्टीत अठ्ठावन्न, आणि शेजारी खाली तोंड करून उभा असलेला बाण. रक्तातली साखर अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली गेली की हे यंत्र बोंब मारतं. धडधाकट माणसाची साखर शंभराच्या आसपास घुटमळत असते. अठ्ठावन्नला घाम फुटतो, हात कापतात, उगाच कुणाचा तरी राग येतो. आणखी खाली गेलं की आपण कुठे आहोत हेच माणूस विसरतो. आणि मी ज्या जागी बसलो होतो तिथे आपण कुठे आहोत हे विसरून चालत नाही.

बावीस वर्षं मी क्रेन चालवतोय आणि तेरा वर्षं पोटात इन्सुलिन टोचून घेतोय. पण गेले आठ महिने मी जमिनीवर होतो, गोदामात बोल्ट मोजत. आजचा दिवस परीक्षेचा होता. खाली फाटकाजवळ सेफ्टीच्या बाई हातात कागद लावलेला क्लिपबोर्ड घेऊन उभ्या होत्या. आज दिवसभर बघणार आणि संध्याकाळी कागदावर लिहिणार, हा माणूस वर चालेल की नाही. नाही लिहिलं तर आयुष्यभर बोल्ट. डॉक्टरांनी माझ्या डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला कोटाच्या बटणाएवढी चकती चिकटवली होती. तिची केसाएवढी तार कातडीत असते आणि दर पाच मिनिटांनी ती मोबाइलवर साखरेचा आकडा पाठवते. डॉक्टर आणि बाई यांनी मिळून नियम ठरवले होते: प्रत्येक वजन उचलण्याआधी वॉकीवर आकडा सांगायचा. नव्वदच्या खाली असेल तर उचलायचं नाही. आणि वजन हवेत असताना सत्तरच्या खाली गेलाच, तर वजन जमिनीवर ठेवायचं, क्रेनचे दांडे सोडायचे, बोट टोचून रक्त तपासायचं, पंधरा मिनिटं थांबायचं. सकाळपासून मी चार वजनं उचलली होती. एकशे अठरा, एकशे बारा, एकशे नऊ, एकशे अकरा. शाळेत कधी असे मार्क पडले नव्हते.

खोटं कशाला सांगू, पहिले चार-पाच सेकंद मी नियमांचा विचार केलाच नाही. अंगठ्याने स्पर्श केला की आवाज बंद होतो, एवढंच डोक्यात आलं. इथे वर ऐकायला कोण आहे? जिना सहाव्या मजल्याच्या उंचीवर होता, तो अठराव्यावर जायचा होता, म्हणजे फार तर तीन मिनिटं. तीन मिनिटांत कोण मरतंय. मग खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या चघळायच्या, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही. माझा अंगठा पडद्यापर्यंत गेलासुद्धा. तिथे तो थांबला, आणि का थांबला हे मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक वॉकीवर त्याच क्षणी शिट्टीने घसा खाकरला म्हणून. शिट्टी म्हणजे मला खालून इशारे देणारा माणूस. हातात वॉकी असूनही तोंडाने शिट्टी वाजवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, म्हणून हे नाव. आठ महिन्यांपूर्वी माझ्या चुकीने ज्या जागी वरून एक फळी पडली तिथे एक मिनिट आधी तोच उभा होता.

"शिट्टी," मी म्हणालो, "अठ्ठावन्न. जिना खाली घेतोय."

 मग तो म्हणाला, "ये. सगळ्यांना बाजूला करतो. सावकाश ये, कावळ्या." मी उंचावर बसतो म्हणून कावळा. त्याने सावकाश असं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं, कारण तोवर मला मी घाबरलोय हे माहीत नव्हतं.

जिना खाली येत होता आणि मी स्वतःला तपासत होतो. वरच्या ओठावर घाम होता. पण कॅबिनमध्ये समोरून ऊन येत होतं, घाम तसाही आला असता. उजवा हात दांड्यावर किंचित थरथरतोय का? थरथरतोय. पण तो साखरेने थरथरतोय की भीतीने? तेरा वर्षं हा आजार अंगावर वागवल्यावर कळलेली सगळ्यात वाईट गोष्ट हीच, की साखर उतरल्याचा घाम आणि घाबरल्याचा घाम चवीला एकच असतो. मी मनातल्या मनात पायऱ्या मोजायला लागलो, कारण साखर खरंच उतरली तर माझं मोजणं आधी बिघडतं. अकरा. पुन्हा मोजल्या, पुन्हा अकरा. मग वाटलं, अकरा हे आधीच माहीत होतं, त्यात काय मोठंसं. म्हणून पायऱ्या सोडून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजायला घेतल्या, तेवढ्यात शिट्टी म्हणाला, "टेकला." तारेचा ताण सुटला. मी दोन्ही दांडे सोडले आणि हात मांडीवर ठेवले, परीक्षेत वेळ संपल्यावर पेन खाली ठेवायला लावतात तसे.

पोरगी नऊ वर्षांची असताना एका सकाळी मी इन्सुलिन टोचलं आणि काही न खाताच आंघोळीला गेलो. टोचायला लागून दोन वर्षं झाली होती, तरी टोचलं की लगेच खायचं असतं हे डोक्यात पक्कं बसलं नव्हतं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पाण्याचा आवाज फार लांबून येतोय. फरशी गार आहे आणि माझा गाल तिच्यावर आहे. मग एक छोटंसं बोट माझ्या हिरड्यांवर काहीतरी चोळतंय, चिकट, गोड, पुन्हा पुन्हा. बायको बाजारात गेली होती. पोरीने बाथरूमचं दार ढकललं, मला बघितलं, स्वयंपाकघरात जाऊन जॅमची बरणी आणली आणि जीभ हलायला लागेपर्यंत बोटाने चाटवत राहिली. मी उठून बसलो तेव्हा तिच्या कोपरापर्यंत जॅम होता. ती रडत नव्हती. "बाबा, आता माझं नाव सांगा," एवढंच म्हणाली. मला ते सांगता येईपर्यंत तिने बरणी खाली ठेवली नाही.

तेव्हापासून मी साखर खाली येण्याची हाय खाल्ली. आणि आमच्या धंद्यातला माणूस घाबरला की काय करतो? उंच जातो. मी साखर मुद्दाम उंच ठेवायला लागलो. हे कुणी शिकवलं नाही, माझं मीच ठरवलं आणि वर त्याला सुरक्षितता असं नाव दिलं. सकाळी इन्सुलिन निम्मं, वर चढण्याआधी जॅम लावलेले चार पाव. बायको म्हणायची, "तुमच्या बरण्या बघून दुकानदाराला वाटतं घरात पाच पोरं आहेत." मी हसण्यावारी न्यायचो आणि पुढची बरणी लपवून ठेवायचो. वर संडास नाही म्हणून पाणी प्यायचो नाही. पाणी न प्यायल्याने साखर आणखी चढायची. दोनशे ऐंशी, तीनशे. अंग जड, जीभ कोरडी, पण हात दगडासारखे स्थिर, त्यामुळे वाटायचं की आपण अगदी ठीक आहोत. तळपायांना मुंग्या यायच्या, तर मी बुटांना दोष दिला. खालची माणसं धूसर दिसायला लागली, तर काचेला. दर आठवड्याला मी ती काच बाहेरून आतून घासायचो. साखर चढली की डोळ्यांतलं भिंगच फुगतं हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. अकरा वर्षं माझं असं चाललं होतं. आणि एका दुपारी पाइपांचा भारा वळवताना मधलं अंतर मला हातभर जास्त दिसलं. भारा बांधकामाच्या परांचीला लागला, तिची एक फळी सुटली आणि दोन मजले खाली जाऊन आपटली. कुणाला लागलं नाही. शिट्टी पाणी प्यायला गेला होता म्हणून लागलं नाही. त्या संध्याकाळी दवाखान्यात माझी साखर तीनशे ऐंशी भरली आणि मुकादमाने माझ्या हातात गोदामाची किल्ली ठेवली. तो मला एका शब्दाने बोलला नाही.

म्हणजे उतरण्याला घाबरून मी चढत गेलो आणि पडायची वेळ आली ती चढल्यामुळे. हे कळायला मला आठ महिने बोल्ट मोजावे लागले. आणि आज, ज्या दिवशी मी पहिल्यांदा सरळ, शहाण्या माणसाच्या साखरेवर वर बसलो, त्याच दिवशी ते अठ्ठावन्न आलं.  आतून जुना आवाज म्हणाला, सांगत होतो ना, उंच असतास तर ही वेळ आली असती का? माझा हात न विचारताच खिशातल्या गोळ्यांकडे गेला. वेष्टन फाटलंसुद्धा, पांढरी भुकटी बोटांना लागली. चार टाक तोंडात, आवाज म्हणाला, आठ टाक, पोचव दोनशेला आणि बस आरामात.

गोळी मी ओठापर्यंत नेली होती. पण नियमात बोट आधी होतं. गोळी मांडीवर ठेवली. भुकटी लागलेलं बोट टोचलं तर तिथलं ग्लुकोज रक्तात मिसळून आकडा खोटा चढतो, हे मला ठाऊक होतं, कारण पूर्वी डॉक्टरांना नव्हे, स्वतःलाच फसवायला मी तसं एकदा केलंही होतं. आता मी वर पाण्याची मोठी बाटली नेतो, आणि दुसरी रिकामी बाटलीही नेतो. ती कशाला ते विचारू नका. पाण्याने हात धुतले, शर्टाला पुसले, करंगळीशेजारचं बोट टोचलं. रक्ताचा थेंब पट्टीला लावला. यंत्र पाचपासून उलटं मोजतं. पाच, चार. खाली बाईंनी मान वर केलेली दिसत होती. तीन. आज नाही तर कधीच नाही. दोन. पोरीचं नाव काय? आठवलं. एक.

एकशे चार.

मी पुन्हा हात धुतले आणि दुसरं बोट टोचलं. एकशे पाच. एक यंत्र म्हणतंय अठ्ठावन्न, दुसरं म्हणतंय एकशे पाच, आणि दोन्हींच्या मध्ये मी. माझं शरीर कुणाच्या बाजूने आहे ते मला त्या क्षणी समजेना. मी खुर्चीत सरळ बसलो, आणि सरळ बसल्यावर डाव्या दंडाला कळ लागली. बाही वर करून बघितलं तर चकतीवर आणि तिच्या बाजूच्या कातडीवर खिडकीच्या लोखंडी पट्टीचा लाल वळ उठला होता. मग माझी ट्यूब पेटली. क्रेनवाला खाली बघताना डावीकडे झुकतो. बावीस वर्षं झुकतोय. माझ्या सगळ्या शर्टांच्या डाव्या बाह्या उजव्यांच्या आधी विरतात, बायको त्यावरून मला बोलते. सकाळची चार वजनं हलकी होती, पटकन आत-बाहेर झाली. जिना मात्र जड आणि नाजूक, त्याला उचलताना मी चांगली वीस मिनिटं त्या पट्टीवर रेलून होतो. चकती दाबली गेली की तिच्या खालच्या कातडीतला रस हलत नाही आणि ती खोटा कमी आकडा सांगते. डॉक्टरांनी बजावलं होतं, या हातावर झोपू नका. झोपलो नव्हतो. बसून काम करत होतो. जमिनीवरच्या आठ महिन्यांत हे कधी घडलं नाही, कारण गोदामात कुणी खिडकीला रेलून बोल्ट मोजत नाही.

मी वॉकी उचलली आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं.  मग वॉकीवर बाईंचा आवाज आला. त्यांनी शिट्टीच्या हातून वॉकी घेतली असणार.

"म्हणजे तुमचं यंत्र चुकलं?"

"यंत्र नाही चुकलं, बाई. मी त्याच्यावर रेललो होतो."

"मग पुढच्या वेळी यंत्र वाजलं की तुम्हाला वाटेल, रेललो असेन. आणि तुम्ही थांबणार नाही. त्याचं काय?"

प्रश्न खोचक होता आणि रास्तही.  मघाशी पडद्यापर्यंत गेलेला माझा अंगठा बाईंना माहीत नव्हता, पण मला होता. "आत्ताही मला माहीत नव्हतं रेललोय ते," मी म्हणालो. "तरी थांबलो. पुढच्या वेळीही आधी थांबणार, मग बोट टोचणार. रेललो होतो की नाही ते सगळं त्यानंतर."

"बरं," त्या म्हणाल्या. मग, "पंधरा मिनिटं पूर्ण करा. आणि उद्यापासून ती चकती उजव्या हाताला." वॉकी परत शिट्टीकडे गेली आणि त्याने नुसती शिट्टी वाजवली, लांबलचक, खालून वर चढत जाणारी. जिवात जीव आला म्हणतात तो असा येतो, कानातून.

मी दंड मोकळा सोडून बसलो आणि पडद्यावरचा आकडा आपोआप वर येताना बघत राहिलो. त्रेसष्ट. एकोणऐंशी. मी काही खाल्लं नव्हतं, काही केलं नव्हतं, नुसता सरळ बसलो होतो. तेरा वर्षांत साखरेने माझ्याकडून काही न मागता केलेली ही पहिली गोष्ट. शहाण्णव झाले तेव्हा मला एकदम आठवलं, की अठ्ठावन्न हा आकडा आणखी एका मोबाइलवर दिसला असणार.

पोरगी आता वीस वर्षांची आहे, टपाल कचेरीत पार्सलच्या काउंटरवर बसते. माझा आकडा तिलाही दिसतो. हे ठरलं तेव्हा आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "मी काय पार्सल आहे," मी म्हणालो होतो, "कुठवर पोचलं ते बघत बसायला?" ती म्हणाली होती, "पार्सल निदान बरणी लपवत नाही." बायको हसली आणि मी हरलो. अट एकच घातली: वर असताना फोन करायचा नाही, वजन हवेत असताना फोन वाजणं धोक्याचं. तिने ती अट मी जमिनीवर असतानाही पाळली. गेले आठ महिने ती फक्त मेसेज पाठवते आणि त्यात नुसता आकडा असतो. "१४२?" किंवा "८८, खा." जेवलात का, कसे आहात, काही नाही. आकडा. मला कधीकधी वाटायचं, नऊ वर्षांची ती पोरगी अजून बाथरूमच्या दारातच बरणी घेऊन उभी आहे, आणि मी तिला तिथून अजून जाऊ दिलेलं नाही.

पंधरा मिनिटं भरली. बोट टोचलं, एकशे एक. शिट्टीला सांगितलं, त्याने बाईंना सांगितलं, बाईंनी हात वर केला. मी पुढे सरकलो, या वेळी दंड पट्टीपासून दूर ठेवून, आणि खाली बघितलं. फाटकाबाहेर, पत्र्याच्या कुंपणाला सायकल टेकवून, कुणीतरी उभं होतं. चौसष्ट मीटरवरून माणूस म्हणजे एक डोकं आणि दोन खांदे. पण त्या माणसाने एक पाय दुसऱ्या पायावर ठेवला होता आणि डावं कोपर उजव्या मुठीत धरलं होतं. अशी उभी राहते ती आमच्या घरात एकच. अकरा वर्षांत मला फाटकाबाहेरचं माणूस दिसलंच नव्हतं. तिथे एक राखाडी डाग असायचा. आज मला तिच्या टपालाच्या गणवेशाचा रंग दिसला, सायकलीवरची लाल पिशवी दिसली. अठ्ठावन्न बघून, फोन न करण्याची अट पाळून, काउंटरवर 'थोड्या वेळात येते' ची पाटी लावून ती सायकल मारत आली होती. पंधरा मिनिटांचा रस्ता. म्हणजे माझ्या जुन्या आवाजाशी मी भांडत होतो तेव्हा ती चढावर पायडल मारत होती.  वर बसून रडायची मला परवानगी नाही, डोळे स्वच्छ लागतात, म्हणून दोनदा गिळलं आणि दांडे धरले.

वजन उचलण्याआधी भोंगा वाजवायचा असतो, एकदा, माणसं बाजूला व्हावीत म्हणून. मी नियमाप्रमाणेच वाजवला. फक्त जरा जास्त वेळ. कुंपणापाशी ती दचकली, वर बघितलं, आणि कोपर सोडून तो हात डोळ्यांवर उन्हासाठी धरला.

जिना उठला. सहावा मजला गेला, दहावा गेला. पडद्यावर एकशे तीन, बाण आडवा. मला दोराचा ताण हातात जाणवत होता, वाऱ्याची एक झुळूक जिन्याच्या टोकाला कशी चाटून गेली तेही जाणवलं, आणि मी ती झुळूक जाऊ दिली. माझे हात दगडासारखे नव्हते. जिवंत होते, गरम होते, जिथे हवे तिथे थांबत होते. अठराव्यावर मुकादम स्वतः उभा होता. बोटभर डावीकडे, शिट्टी म्हणाला. बोटभर. अजून अर्धं बोट. आणि साडेतीन टनांचा तो जिना आपल्या खाचेत असा बसला, की खाली पसरलेला ओल्या सिमेंटचा गिलावा कडेने एकसारखा बाहेर आला. मुकादमाने पायऱ्या चढून बघितल्या, एक, दोन, पाच, आणि सर्वांत वरच्या पायरीवर उभा राहून माझ्याकडे तोंड करून त्याने हेल्मेटला हात लावला. आठ महिन्यांपूर्वी मला काही न बोलणारा हाच माणूस. मी जोरात हसलो, एकटाच, काचेच्या त्या खोक्यात. बावीस वर्षांत शेकडो जिने बसवले असतील, पण माझा म्हणावा असा हा एकच. मी उंचावर होतो आणि माझी साखर उंचावर नव्हती, आणि दोन्ही एकाच वेळी जमतं हे मला एक्कावन्नाव्या वर्षी कळत होतं.

हुक मोकळा करून परत वळवताना मी फाटकाकडे बघितलं. सायकल नव्हती. रस्त्याच्या वळणावर लाल पिशवी दिसली आणि इमारतीमागे गेली. काउंटरवर रांग लागली असेल, लोक बोलत असतील. मोबाइल एकदा टिणटिणला, या वेळी हळू, मेसेजचा. हुक स्थिर होईपर्यंत मी बघितलं नाही. मग बघितलं.

"जिना छान बसला, बाबा."

आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या मेसेजमध्ये आकडा नव्हता. मी तो दोनदा वाचला आणि वॉकी उचलली.

"शिट्टी, एकशे सहा. दुसरा जिना लाव."